सपोज म्हणजे समजा? जळगावच्या एका कंटेनरचं प्रकरण

जळगाव एमआयडीसीतली एक चटई बनवणारी कंपनी आणि केनियातल्या मोम्बासाचा एक खरेदीदार, या दोघांत जे वाजलं त्याचं मूळ प्लास्टिकच्या दाण्यात नव्हतं, लूमवर नव्हतं, ट्रान्सपोर्टवाल्याकडे पण नव्हतं. ते होतं एका इंग्रजी क्रियापदात, सपोज. आपल्याकडे शाळेत गणिताच्या तासाला "समजा क्ष बरोबर अमुक" शिकवतात, इंग्रजीत तेच "सपोज", आणि पोरांच्या डोक्यात सपोज म्हणजे समजा हे एकदा जे बसतं ते बसतंच. मी जळगावात बिझनेस इंग्लिशचे क्लास घेते. कंपनीचे मालक, त्यांना आपण आप्पा म्हणू, त्यांच्या पुतण्याने सगळी मेल प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली तेव्हा भांडण बऱ्यापैकी पेटलेलं होतं. नावगाव कोणाचंच सांगत नाही, मेलमधली वाक्यं मात्र सांगते कारण सगळी गंमत त्यातच आहे.

आधी थोडं मालाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. जळगावच्या प्लास्टिक चटया बाहेरच्या देशात बऱ्याच जातात हे इथल्या लोकांना सांगायला नको. पॉलिप्रॉपिलीनचा दाणा वितळवून त्याच्या बारीक नळ्या काढतात, त्या लूमवर विणतात, कडेला पट्टी मारतात. हे प्लास्टिक उन्हात उघडं ठेवलं की अतिनील किरणांनी त्याच्या आतल्या साखळ्या तुटत जातात, रंग उडतो आणि चटई ठिसूळ होऊन पापडासारखी मोडते, म्हणून बाहेर वापरायच्या मालात दाण्याबरोबर यूव्ही मास्टरबॅच, म्हणजे या किरणांपासून वाचवणारा मसाला, टाकावा लागतो. तो महाग पडतो, म्हणून लोकल विक्रीच्या स्वस्त मालात बरेच जण टाकत नाहीत. मोम्बासाच्या पार्टीला यूव्हीवाला माल हवा होता, रमजानच्या आधी हवा होता, आणि गाठींवर फक्त त्यांच्या ब्रँडचं लेबल हवं होतं. भाव ठरला न्हावाशेवा एफओबी, म्हणजे तिथल्या बंदरात माल जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च आप्पांचा. इथपर्यंत सगळं छान.

माल निघायला उशीर झाला. का झाला ते सोडा, लूम बंद पडले, कामगार लग्नाला गावी गेले, नेहमीचंच. तिकडून मेल आला, "यू वेअर सपोज्ड टू शिप बाय द टेन्थ." पुतण्या अमळनेरकडचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बीकॉम झालेला, हुशार पोरगा आहे हे आधीच सांगून ठेवते. त्याने वाचलं असं की "तुम्ही दहा तारखेपर्यंत माल पाठवला असं समजलं गेलं होतं". म्हणजे पार्टीचा गैरसमज झालाय! मग त्याने अगदी प्रामाणिकपणे तो दूर केला, "नो सर, युअर सपोझिशन इज राँग. वी डिड नॉट शिप."

आता हे तिकडे कसं पोचलं असेल बघा. समोरचा म्हणतोय, माल दहापर्यंत पाठवायचा ठरलं होतं ना, आणि इकडून उत्तर जातंय की तुमचं समजणंच चुकलं, आम्ही पाठवलाच नाही. कोणीही चिडेल. त्यांच्या पुढच्या मेलमध्ये नमस्कार चमत्कार काही नाही, सरळ दोन ओळी.

मी पोराला विचारलं, हेच तुला घरी अहिराणीत आईला सांगायचं असेल तर कसं सांगशील? तो लगेच म्हणाला, "माल दहा तारीखले धाडाना व्हता." बस, झालं की. हेच "वॉज सपोज्ड टू". प्रमाण मराठीत "पाठवायचा होता". समजा-बिमजा कुठेच नाही त्यात. आणि अजून एक बारकी गोष्ट, "पाठवायचा होता" म्हटलं की पाठवला गेला नाही हे न सांगता कळतं, तसंच इंग्रजीत "वॉज सपोज्ड टू" म्हटलं की बहुतेक वेळा ती गोष्ट झालेली नसते. "ही वॉज सपोज्ड टू कॉल" म्हणजे तो फोन करणार होता, केला नाही. म्हणून हे वाक्य दिसायला साधं असलं तरी तक्रारीचं असतं. दोन्ही भाषांत अजून एक जमलेलं आहे, ठरवलं कोणी ते वाक्यात येतच नाही. पाठवायचा होता, कोणी ठरवलं? ऑर्डरने, करारात, फोनवर, काही असू शकतं. "शुड" वापरलं की बोलणारा आपलं मत देतो, तुम्ही पाठवायला पाहिजे होता असं मला वाटतं. "सपोज्ड टू" वापरलं की तो स्वतः बाजूला होतो आणि ठरलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो. त्यामुळे ते शुडपेक्षा वरवर नरम वाटतं, पण वाद घालायला जागा कमी ठेवतं, कारण तुम्हाला त्याच्या मताशी नाही तर ठरलेल्या तारखेशी भांडायचं असतं.

यानंतरचा मेल माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अवघड, आणि त्यात पोराला फार दोष देता येत नाही. तिकडून फोटो आला, कुरियरने पाठवलेलं सॅम्पल त्यांनी गच्चीवर उन्हात ठेवलं होतं आणि ते काही आठवड्यांत कडेने तडकलं होतं. खाली एकच ओळ, "दीज मॅट्स आर सपोज्ड टू बी यूव्ही स्टॅबिलाइज्ड." पुतण्याचं वाचन असं, या चटया यूव्हीवाल्या आहेत असं समजलं जातं. म्हणजे पार्टी आपल्यावर विश्वास ठेवतेय! उत्तर गेलं, "थँक यू सर फॉर युअर अंडरस्टँडिंग."

हसू नका. "सपोज्ड टू बी" ला खरंच दोन तोंडं आहेत. एक, असायला पाहिजे, ठरलंय तसं. दुसरं, लोक म्हणतात तसं, म्हणजे आपलं "म्हणे". "खान्देशी भरीत इज सपोज्ड टू बी व्हेरी स्पायसी" असं पुण्याचा माणूस बोलला तर तो म्हणतोय की खान्देशातलं भरीत जाम तिखट असतं म्हणे, मी खाल्लेलं नाही. तिथे कोणाची जबाबदारी नाही, करार नाही, नुसतं ऐकीव आहे. मग मेलमधलं कोणतं? फोटो बघितला की कळतं. तडकलेल्या चटईच्या फोटोखाली "या यूव्हीवाल्या असायला पाहिजेत" असं लिहिलंय, आणि त्याच्या आत "म्हणे" पण लपलेलं आहे, यूव्हीवाल्या आहेत म्हणे तुमच्या! इंग्रजी बोलणारा माणूस चिडला की ही दोन्ही तोंडं एकाच वाक्यात वापरतो. आपल्याकडे सुद्धा "म्हणे" टोमण्यासाठी वापरतातच की, "मोठा शेठ म्हणे". ओळखायची एक खूण सांगते. "सपोज्ड टू" च्या पुढे करण्याचं क्रियापद असेल, शिप, पे, कॉल, तर बहुतेक ठरलेली गोष्ट असते. पुढे "बी" किंवा "हॅव" सारखं असण्याचं क्रियापद असेल तर थांबा, आजूबाजूचं वाचा, मग ठरवा. आणि "वॉज सपोज्ड टू बी" असेल तर अपेक्षा मोडली असं धरून चाला.

खरी गोष्ट काय होती तर ते सॅम्पल फक्त रंग दाखवायला पाठवलेलं, लोकल लॉटमधून कापलेलं, त्यात मास्टरबॅच नव्हताच. एक्सपोर्टचा लॉट वेगळा होता आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट ऑफिसमध्ये फाईलला लावलेला होता. हे एका ओळीत सांगितलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण सांगायला आधी कळायला पाहिजे की विचारलंय काय.

आणि रिपोर्ट त्यांनी मागितला सुद्धा होता! "आय डोन्ट सपोज यू कुड सेंड द टेस्ट रिपोर्ट बाय फ्रायडे?" हे वाक्य पुतण्याने आप्पांना मराठीत वाचून दाखवलं, "तुम्ही शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवू शकाल असं मला वाटत नाही." आप्पांचा पारा चढला. म्हणाले, वाटत नाही काय, इतकी वर्षं धंदा करतोय, याला आमच्यावर भरोसाच नसेल तर कशाला पाठवायचा रिपोर्ट. नाही पाठवला. शब्दाला शब्द ठेवला तर भाषांतर बरोबर आहे, हेच तर दुखणं आहे. हे ब्रिटिश वळणाचं अति नम्र विचारणं आहे, आपण म्हणतो ना, "शुक्रवारपर्यंत रिपोर्ट मिळण्यासारखा आहे का हो?" किंवा "जमणार नाही बहुधा, पण पाठवता आला तर बघा". समोरच्याला नाही म्हणायची वाट आधीच करून द्यायची, म्हणजे त्याला ओशाळं वाटू नये. शेवटी प्रश्नचिन्ह होतं, ते कोणी बघितलंच नाही. माझा अनुभव असा की "आय डोन्ट सपोज" ने सुरू होणारं आणि प्रश्नचिन्हाने संपणारं वाक्य दिसलं की निम्मे लोक त्याचा अपमान म्हणून अर्थ लावतात. केनियात इंग्रजी ब्रिटिशांकडून आलं, तिथल्या व्यापाऱ्याच्या तोंडी हे वळण असणं काही नवल नाही.

मधे एक व्हॉइस नोट पण आहे. बोलताना "सपोज्ड टू" चा "सपोस्टू" होतो, ड आणि ट एकमेकांत विरघळतात. आप्पांना ऐकू आलं "पोस्ट टू", ते म्हणाले पोस्टाने नको, कुरियर कर. याच उच्चारामुळे लिहिताना "सपोज टू" असं ड गाळून लिहायची चूक खुद्द इंग्रजी बोलणारे लोक पण करतात, तेव्हा आपल्या पोरांनी केली तर फार मनाला लावून घेऊ नये, पण मेलमध्ये ड टाका.

पुढे पार्टी जरा नरमली. "आय सपोज वी कॅन वेट टिल द ट्वेन्टीफिफ्थ." पुतण्याने वाचलं, "समजा आपण 25 पर्यंत थांबू शकतो", आणि तो पुढच्या वाक्याची वाट बघत बसला! समजा थांबलो, तर पुढे काय? अट काय? दोन दिवस उत्तर नाही. तिकडे पार्टीने आपलं उत्तर दिलेलं, नाखुशीने का होईना पण होकार दिलेला, "ठीक आहे, थांबतो 25 पर्यंत, आता काय करणार". इंग्रजीत "आय सपोज सो" हे "हो" च असतं, पण ओढून ताणून काढलेलं. ज्याने असं हो म्हटलंय त्याला दोन दिवस उत्तर न देणं म्हणजे आगीत तेल.

इथे एक सोपी गोष्ट सांगून टाकते जी मी क्लासमध्ये पण सांगते. सपोजच्या आधी काय उभं आहे ते बघा. आधी काहीच नसेल, वाक्यच सपोजने सुरू होत असेल, तर ते आपलं गणितातलं "समजा". याच मेलमध्ये एका ठिकाणी होतं, "सपोज द व्हेसल इज डिलेड, हू पेज?" समजा जहाज लेट झालं तर पैसे कोण देणार. तिथे पोराने बरोबर वाचलं आणि बरोबर उत्तर दिलं, म्हणून त्याला वाटलं आपल्याला शब्द येतो. आधी "आय" किंवा "वी" असेल तर "वाटतं", "असेल बुवा", "बहुतेक". त्यात खात्री कमी असते किंवा मन नसतं. आणि आधी इज, आर, वॉज, वेअर यांच्यापैकी काही असेल आणि पुढे "टू" असेल, तर समजा विसरून जा, तिथे ठरलेलं तरी आहे नाहीतर ऐकीव तरी आहे. एवढ्याने नव्वद टक्के काम होतं असं मी म्हणणार नाही, टक्के कोणी मोजलेत, पण या प्रकरणातले सगळे मेल एवढ्यावर सुटतात.

एक सुटत नाही, नकारवाला. "द बेल्स आर नॉट सपोज्ड टू कॅरी युअर लेबल." नॉट सपोज्ड टू, पुतण्याचं डोकं आता थोडं सुधारलं होतं, त्याने "ठरलेलं" हा अर्थ पकडला होता, पण नकार चुकीच्या जागी लावला. त्याने वाचलं, गाठींवर तुमचं लेबल असलंच पाहिजे असं ठरलेलं नाही. म्हणजे ऐच्छिक. मग आप्पा म्हणाले, ऐच्छिक आहे तर लावू, तेवढीच आपली जाहिरात. सगळ्या गाठींवर कंपनीचं लेबल चिकटलं. इंग्रजीत मात्र "नॉट सपोज्ड टू" म्हणजे सक्ती नाही असं नसून मनाई आहे. "यू आर नॉट सपोज्ड टू पार्क हिअर" म्हणजे इथे गाडी लावायची नाही. मराठीत सुद्धा बघा ना, "इथे गाडी लावायची नाही" याचा अर्थ कोणी "लावली नाही तरी चालेल" असा घेतो का? नाही घेत. परत तेच, "-यचं" वालं मराठी रूप डोक्यात आलं असतं तर चूक झाली नसती. लेबलं उन्हाने चिकटून बसली होती, ती काढायला बायका लावल्या, ओव्हरटाइम द्यावा लागला, काही गाठींचं वेष्टनच बदलावं लागलं. एका नकाराची किंमत.

आता आप्पा मधे वकिलाकडे पण जाऊन आले होते, नोटीस पाठवू म्हणून. वकिलाने ड्राफ्टमध्ये "प्रिझ्यूम" लिहिलं होतं आणि पुतण्याने मला विचारलं की मॅडम सपोज, अ‍ॅझ्यूम, प्रिझ्यूम हे तिन्ही एकच ना? नाही. सपोज सगळ्यात हलका, अंदाजाने म्हणणं. अ‍ॅझ्यूम म्हणजे पुरावा न बघता गृहीत धरून पुढे चालणं, आणि धंद्याच्या मेलमध्ये "वी अ‍ॅझ्यूम फ्रेट इज ऑन युअर अकाउंट" (जहाजाचं भाडं तुमच्याकडे) असं आलं की लगेच उत्तर द्यायचं, कारण गप्प बसलात तर उद्या तो म्हणेल तुम्ही मान्यच केलं होतं. प्रिझ्यूममध्ये धरून चालायला काहीतरी आधार असतो, आणि कायद्यात तर त्याला ठरलेलं वजन आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात "मे प्रिझ्यूम" आणि "शॅल प्रिझ्यूम" यांची वेगळी व्याख्याच दिलेली होती. पहिल्यात कोर्ट धरू शकतं किंवा पुरावा मागू शकतं, दुसऱ्यात उलट सिद्ध होईपर्यंत धरावंच लागतं. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, ही विभागणी त्यातही आहे. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, ती ज्यांना एरवी लागली असती त्यांनाही नाही, तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं, नाहीतर तो मेला असं धरतात, हा पण याच जातीचा नियम. तेव्हा वकिलाचा शब्द उचलून साध्या मेलमध्ये टाकू नये, समोरच्याला वाटतं आता कोर्टात चाललेत. नोटीस गेली नाही हे बरं झालं.

उत्तर लिहायला बसलो तेव्हा आप्पांचं म्हणणं होतं की आधी आपली बाजू मांडा. मी म्हटलं, आप्पा, आधी त्यांनी काय विचारलंय त्याची उत्तरं देऊ, बाजू नंतर मांडू. ते काही पूर्ण पटलं नाही त्यांना, "ताई, तुम्ही त्यांच्याकडून बोलताय" असं पण म्हणाले, पण लिहू दिलं. मेल छोटा केला. माल दहापर्यंत पाठवायचा होता, उशीर आमच्याकडून झाला. जे सॅम्पल तडकलं ते रंगासाठी होतं, यूव्हीचं नव्हतं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. एक्सपोर्ट लॉटचा टेस्ट रिपोर्ट सोबत जोडलाय. आमची लेबलं काढली, खर्च आमचा. 25 पर्यंत थांबल्याबद्दल आभार. आणि "युअर सपोझिशन इज राँग" या वाक्याबद्दल वेगळी एक ओळ, की ते भाषेच्या गोंधळातून गेलं, उद्धटपणाने नाही. ही शेवटची ओळ आप्पांना नको होती, पुतण्याने हट्टाने ठेवली.

त्याच दिवशी उत्तर आलं. रिपोर्ट बघितला, एक्सपोर्ट लॉटमधली एक चटई विमानाने पाठवा, आम्ही आमच्याकडे तपासू, कंटेनर भरायला हरकत नाही. भावात थोडी सूट मागितली उशिराबद्दल, आप्पांनी कुरकुर करत दिली. कंटेनर न्हावाशेव्याला गेला.

एका गोष्टीवर मात्र आप्पांचं आणि माझं जमलं नाही. ते म्हणतात चूक पार्टीची, सरळ "मस्ट" लिहायला काय झालं होतं, एवढं वळण कशाला. माझं म्हणणं, मेलमध्ये माणूस बोलल्यासारखंच लिहिणार, ते आपण थांबवू शकत नाही, पण जे ठरलं ते कागदावर पक्क्या शब्दांत असलं तर मेलमधल्या सपोजने एवढं बिघडत नाही. आप्पांच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये, म्हणजे माल पाठवायच्या आधी दिलेल्या कच्च्या बिलात, तारीख होती, यूव्हीचा उल्लेख नुसता मालाच्या वर्णनात होता, आणि लेबलबद्दल काहीच नव्हतं, ते सगळं फोनवर ठरलेलं. आता पुतण्याने नवीन फॉरमॅट केलाय, त्यात तीन ओळी वाढल्या आहेत आणि तिन्हीत "शॅल" आहे: माल अमुक तारखेपर्यंत जहाजावर चढवला जाईल, यूव्ही टेस्ट रिपोर्ट माल निघायच्या आधी दिला जाईल, गाठींवर विक्रेत्याचं कोणतंही लेबल असणार नाही. चौथी ओळ आप्पांनी स्वतः घालायला लावली, रंगाचं सॅम्पल यूव्ही तपासणीसाठी वापरू नये, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली.